वांकविलेल्या लांकडाचा वृत्तांत

प्रस्तुत ज्युबिली अंकासाठीं आपल्या गायकमंडळाचा इतिहास लिहून द्यावा, अशी आज्ञा पूज्य फादरांनीं केली तेव्हां ती मीं आनंदानें शिरसावंद्य मानिली. परंतु लिहावयास बसलों आणि पहिल्याच वस्तूपाशीं अडकून पडलों. मंदिराच्या पोटमाळ्यावर, जुन्या हार्मोनियमच्या पेटीमागें, एका चादरींत गुंडाळलेली गिटार सांपडली. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर आपल्या मंदिरांत जी पहिली गिटार वाजली ती हीच. तिची एक बाजू कंबरेपाशीं सुटून बाहेर फांकली होती, आणि तोंडाच्या लांकडास बोटभर चीर गेली होती. ज्युबिलीच्या साफसफाईस आलेल्या तरुण मंडळींनीं ती भंगारांत काढण्याचें ठरविलें होतें, व त्यांत त्यांचा कांहीं अपराध नव्हता. लांकडानें एकदां आपला आकार सोडला कीं तें कायमचें गेलें, अशीच आपणां सर्वांची समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, हें पाहण्याच्या नादांत मीं जें वाचलें, ऐकिलें व प्रत्यक्ष पाहिलें, तें येथें वाचकांस सादर करीत आहें. गायकमंडळाच्या प्रमुखांची नामावली ह्या अंकांत अन्यत्र आलेली आहेच.

गिटारीस मंदिराचें दार सहजासहजीं उघडलें नाहीं, हें आधीं सांगितलें पाहिजे. पोप दहावे पायस ह्यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, संगीताची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशीं, धार्मिक संगीताविषयीं जें आज्ञापत्र काढिलें, त्यांत पियानो, ढोल, झांजा ह्यांसारख्या वाद्यांस मंदिरांत मज्जाव केला आणि ऑर्गनचा मान राखिला. गिटारीचें नांव त्या पत्रांत नाहीं. परंतु ती मेजवानीची व रस्त्यावरची सोबतीण समजली जात असल्यामुळें तिनें आंत येण्याचा प्रश्नच फारसा उद्भवला नाहीं. गंमत अशी कीं, त्या पत्राच्या पंचाऐशीं वर्षें आधींच ती एका मंदिरांत, आणि तीही एका धर्मगुरूच्या हातांत, वाजून गेली होती. ऑस्ट्रियांत साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गांवीं, संत निकोलसच्या मंदिरांत, १८१८ च्या नाताळच्या आदल्या दिवशीं साहाय्यक धर्मगुरु योसेफ मोर व शाळामास्तर फ्रान्झ झेवियर ग्रूबर ह्या दोघांनीं ‘शांत रात्र’ हें आज जगभर गाइलें जाणारें गीत प्रथम म्हटलें. शब्द मोर ह्यांनीं १८१६ मध्येंच लिहिले होते, चाल ग्रूबर ह्यांची, आणि साथ गिटारीची. उंदरांनीं ऑर्गन कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही कथा आपण मुलांस दरवर्षीं सांगतों. पण ग्रूबर ह्यांनीं १८५४ मध्यें स्वतः लिहून ठेविलेल्या हकीकतींत उंदीर कोठेंच नाहींत. मोर ह्यांची ती गिटार मात्र खरी आहे, आणि हालाइन येथील संग्रहालयांत ती जपून ठेविली आहे.

पुढें ४ डिसेंबर १९६३ रोजीं द्वितीय व्हॅटिकन परिषदेची उपासनेविषयींची घटना जाहीर झाली, आणि ५ मार्च १९६७ च्या सूचनापत्रानें संगीतासंबंधीं तिचा खुलासा केला. ऑर्गनचा मान कायम, परंतु अधिकाऱ्यांच्या संमतीनें इतर योग्य वाद्येंही उपासनेंत घेतां येतील, असा त्याचा आशय. लोकभाषेंतील मिस्सेबरोबर गिटार ठिकठिकाणच्या मंदिरांत शिरली ती ह्या वाटेनें, व आपल्याकडेही ती तशीच आली. असो.

आतां तिच्या शरीराकडे वळूं. गिटारीच्या पेटीचे भाग तीन: तारांखालचें तोंडाचें पातळ लांकूड, ज्यास आपले सतारमेकर तबली म्हणतात, मागची पाठ, आणि ह्या दोहोंस जोडणारी बाजू. बाजू दोन पट्ट्यांची असते. प्रत्येक पट्टी मानेपासून निघून खांद्यावर बाहेर वळते, कंबरेंत आंत शिरते, आणि पुन्हां बाहेर रुंद होऊन बुडाशीं दुसरीस मिळते. पाहणाऱ्याचें लक्ष तबलीच्या चकाकीकडे व मधल्या गोल भोकाकडे जातें. बाजूकडे कोणी पाहत नाहीं. परंतु घडविणारास विचारा. त्याच्या कामांत धास्तीचा भाग म्हणजे ही बाजू.

लांकडास गोलाई तीन मार्गांनीं मिळते: उगवून, कोरून, किंवा वांकवून. आपल्या देशांतील वाद्यकारांनीं बहुधा पहिले दोन मार्ग धरिले. सतारीचा व तंबोऱ्याचा भोपळा वेलीवरच गोल होतो. मिरजेस एकोणिसाव्या शतकांत शिकलगार समाजांतील फरीदसाहेबांनीं हत्यारांचें काम सोडून तंतुवाद्यें करण्यास आरंभ केला; त्यांच्या परंपरेंतील कारागीर पंढरपुराकडचे मोठाले भोपळे पारखून घेतात, वाळवितात, आणि मग त्यांवर वाद्य उभारतात. तेथें आकार देण्याचें निम्मे काम ऊन, पाणी व माती ह्यांनीं आधींच केलेलें असतें. सारंगी व सरोद ह्यांचें पोट ओंडका कोरून काढतात; जें लांकूड नको तें काढून टाकावें, म्हणजे हवें तें उरतें. ह्या दोन्ही रीतींत लांकडाच्या स्वभावाविरुद्ध कांहीं करावें लागत नाहीं. तिसरी रीत निराळी आहे. तींत जें झाड आयुष्यभर सरळ वाढलें, त्याच्या फळीस तिच्या मनाविरुद्ध वळण द्यावयाचें असतें.

ही रीत कशी ती सांगतों. शिसवीची पट्टी रंधून सुमारें दोन मिलिमीटर जाडीची करतात. तिची रुंदी सुमारें दहा सेंटिमीटर व लांबी पाऊण मीटराहून थोडी अधिक असते. कोरड्या व थंड पट्टीस वांकवूं गेल्यास ती प्रथम धनुष्यासारखी लवते, हात सोडतांच सरळ होते, आणि हट्ट धरल्यास काडकन् मोडते. ह्याचें कारण लांकडाच्या रचनेंत आहे. लांकूड म्हणजे सेल्युलोजचे उभे तंतु, आणि त्या तंतूंस एकमेकांशीं चिकटवून धरणारें लिग्निन नांवाचें द्रव्य. ओल व उष्णता ह्यांचा संयोग झाला म्हणजे, पाणी उकळण्याच्या उष्णतेच्या आसपास, हें लिग्निन मऊ पडतें. तंतु एकमेकांवरून किंचित् सरकतात, आणि पट्टी थंड होतांच नव्या जागीं पुन्हां आवळले जातात.

म्हणून कारागीर लोखंडाची जाड नळी शेगड्यांत आडवी पकडून आंतून तापवितो. ती पुरेशी तापली कीं नाहीं, हें पाण्याच्या थेंबावरून ओळखतात. थेंब चर्र करून पसरला तर अजून अवकाश आहे. मोत्यासारखा गोल होऊन नाचूं लागला तर नळी तयार झाली. (आपल्या घरच्या बायका पोळ्यांच्या तव्यावर हीच परीक्षा करतात, व त्यांस ती कोणी शिकविलेली नसते.) मग ओली केलेली पट्टी नळीवर टेंकवून, दोन्ही हातांनीं हलका दाब देत, पुढेंमागें झुलवावयाची. आरंभीं लांकूड दाद देत नाहीं. वाफ निघते, भाजक्या लांकडाचा वास सुटतो, हातांस चटके बसतात. आणि मग एका क्षणीं पट्टी हाताखालीं एकाएकी सैल पडते. तो क्षण ओळखणें हीच ह्या धंद्यांतील विद्या. त्याआधीं जोर केला तर वळणाच्या बाहेरील अंगास तंतु सुटून वर येतात. त्यानंतर रेंगाळलें तर लांकूड करपून ठिसूळ होतें. कंबरेचें वळण सर्वांत आवळ, म्हणून अनेक कारागीर आरंभ तेथूनच करतात. शिवाय पट्टी रुंद असल्यामुळें ती नळीवर थोडीशी तिरपी पडली तरी पिळवटते, आणि पिळवटलेली बाजू तबलीवर कधींच नीट उभी राहत नाहीं. व्हायोलिनच्या बाजूची पट्टी सुमारें तीन सेंटिमीटर रुंद व एकच मिलिमीटर जाड असते. तिच्या बाबतींत हें संकट बरेंच हलकें आहे.

इतकें झाल्यावर नवशिक्यास वाटतें कीं काम संपलें. खरें काम येथूनच सुरू होतें. वांकविलेली पट्टी रात्रभर ठेविली तर सकाळीं ती थोडी उघडलेली दिसते. तंतूंवरचा ताण पूर्ण गेलेला नसतो. जरा ओल मिळाली, जरा उष्णता मिळाली, कीं ते आपल्या जुन्या सरळ स्थितीकडे परतूं पाहतात. ह्यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे पट्टी तशीच सांच्यांत घालून शिकंज्यांनीं दाबावी व सरसानें चिकटवून टाकावी. हा झटपट उपाय दिसण्यांत उत्तम. परंतु तो ताण मग पेटीच्या आंतच बसून राहतो, आणि पेटी पुरी होऊन सांच्याबाहेर आली म्हणजे सांध्यांवर व तबलीच्या कडेवर रात्रंदिवस ओढ लावतो. दुसरा उपाय म्हणजे पट्टी पुन्हां किंचित् ओली करून पुन्हां नळीवर न्यावी, जेथें ती उघडली आहे तेवढ्याच जागीं ऊब द्यावी, आराखड्यावर ठेवून पाहावी, आणि ती स्वस्थपणें रेषेवर बसेपर्यंत हें करीत राहावें. कांहीं कारागीर आरंभीं वळण थोडें अधिकच देतात, म्हणजे परतफेड झाल्यावर तें बरोबर उरतें. सांच्यांत बाजू दोन बोटांनीं दाबून बसली पाहिजे. ज्या बाजूस शिकंजा लागतो ती अजून वळलेलीच नाहीं, असें जुने कारागीर समजतात.

ही विद्या किती जुनी आहे ह्याचा एक सुंदर पुरावा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्यें आहे. तो म्हणजे लिस्बनचे कारागीर बेल्शियोर दियाश ह्यांनीं १५८१ मध्यें केलेलें गिटारीच्या जातीचें एक लहानसें वाद्य. त्या सालीं आपल्या वसईच्या किल्ल्यावर पोर्तुगीज निशाण लागून सत्तेचाळीस वर्षें झालीं होतीं. दियाश ह्यांच्या वाद्याची पाठ सपाट फळीची नाहीं. ती अरुंद पट्ट्यांची आहे, आणि प्रत्येक पट्टी लांबीच्या दिशेनें कमानीसारखी वांकविलेली, शिवाय रुंदीच्या दिशेनें पन्हळासारखी खोलगट केलेली आहे. एकाच पातळ पट्टीस दोन दिशांनीं वळण देणें म्हणजे काय, हें ज्यानें एकदां तरी नळीवर हात भाजून घेतला आहे त्यासच कळेल. ज्या गोव्यांत पुढें धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांस स्वरलिपी व व्हायोलिन शिकविण्याची परंपरा रुजली, तेथें हें संगीत ह्याच लिस्बनहून आलें होतें.

इटालीतील क्रेमोना गांवचे आंतोनियो स्त्रादिवारी (मृत्यु १७३७) व्हायोलिनसाठीं जगप्रसिद्ध आहेत. त्यांनीं गिटारीही केल्या, व १६७९ सालची त्यांची एक गिटार अद्याप वाजण्याजोगी आहे, हें फारसें कोणास ठाऊक नसतें. त्यांचे लांकडी सांचे क्रेमोनाच्या संग्रहालयांत पाहावयास मिळतात. त्यांच्या रीतींत सांचा आंत असे व गरम केलेली पट्टी त्याच्याभोंवतीं बाहेरून बसविली जाई. जर्मनींत मात्र ह्या बाबतींत एक मोठा तंटाच उपस्थित झाला. सॅक्सनीमधील मार्कनॉयकिर्शन गांवीं व्हायोलिनकारांचा संघ व सामान्य सुतारांचा संघ ह्यांमध्यें, गिटार करण्याचा हक्क कोणाचा, ह्यावर १८२६ पासून वाद चालला. व्हायोलिनकारांचें म्हणणें, वाद्य करणें ही कला आहे व सुतारांनीं पेट्याकपाटें करावींत. सुतारांचें उत्तर, गिटार ही कालपरवां आलेली वस्तु, तिच्यावर तुमच्या जुन्या सनदेचा हक्क कसा पोंचतो? निकाल सुतारांच्या बाजूचा लागला. पण त्यांपैकीं ख्रिस्तियान फ्रेडरिक मार्टिन ह्यास एवढें ऐकून पुरे झालें असावें. तो १८३३ मध्यें कुटुंबासह न्यू यॉर्कला गेला, आणि कांहीं वर्षांनीं पेनसिल्व्हेनिया प्रांतांतील एका लहान गांवीं कायमचा स्थायिक झाला. त्या गांवाचें नांव नाझरेथ. सुताराच्या मुलानें शेवटीं नाझरेथास जाऊन राहावें, हा योगायोग आपल्या वाचकांस गोड वाटल्यावांचून राहणार नाहीं. त्याच्या घराण्याचा कारखाना आजही तेथेंच आहे.

मार्टिनचा जन्म १७९६ सालचा. त्याच सालीं ऱ्हाइन नदीकांठीं बॉपार्ड गांवीं मिखाएल थोनेट हा दुसरा सुतार जन्मला. त्यानें वाद्यें केलीं नाहींत, खुर्च्या केल्या. परंतु वांकविण्याच्या विद्येंत त्याचें ऋण सर्वांवर आहे. मऊ झालेलें लांकूड दाबलें जाण्यास तयार असतें, ताणलें जाण्यास नव्हे. म्हणून वळणाच्या बाहेरील अंगासच तें फुटतें, हें त्यानें ओळखलें. त्यावर त्याची तोड अशी: बाहेरील अंगास पोलादाची पट्टी दोन्ही टोंकांस घट्ट आवळून मग वांकवावें, म्हणजे लांकडास ताणलें जाण्यास वावच राहत नाहीं. १८५९ मध्यें निघालेली त्याच्या कारखान्याची चौदा क्रमांकाची खुर्ची अशाच कामाची. मुंबईच्या इराणी हॉटेलांत गोल पाठीच्या ज्या काळ्या खुर्च्यांवर आपण चहा प्यालों, त्या ह्याच वंशाच्या. आज गिटार करणारे अनेक कारागीर कंबरेचें वळण देतांना पट्टीच्या पाठीशीं पातळ पोलादी पत्रा धरतात तो ह्याच कारणास्तव. आणि कारखान्यांतून विजेवर तापणाऱ्या कांबळ्यांत ओली पट्टी दोन पत्र्यांमध्यें घालून ती यंत्रानें सांच्यावर दाबतात, त्यांतही तत्त्व तेंच.

परंतु ह्या सर्वांत मला ज्याची कथा सर्वांत थोर वाटते, तो स्पेनमधील आंतोनियो दे तोर्रेस. आजच्या गिटारीचें मोठें शरीर, तिचें प्रमाण व तबलीखालील पंख्यासारख्या काड्यांची मांडणी ह्यांस जें स्वरूप त्यानें दिलें, तेंच पुढें सर्वमान्य झालें. तो १८१७ मध्यें आल्मेरिया शहराजवळच्या एका खेड्यांत जन्मला, लहानपणींच सुतारकामास लागला, व अठराव्या वर्षीं संसारांत पडला. दारिद्र्य असें कीं त्यांतून डोकें वर निघेना. १८४५ मध्यें तेवीस वर्षांची पत्नी क्षयानें वारली. पुढें तो सेव्हिल येथें गेला, आणि तेथें सुताराचा गिटारकार झाला. १८५८ च्या सेव्हिल येथील प्रदर्शनांत त्यास पदक मिळालें. तथापि धंदा कधीं भरभराटीस आला नाहीं. पन्नाशी उलटल्यावर तो आल्मेरियास परतला व चिनी मातीच्या भांड्यांचें दुकान घालून बसला. कांहीं वर्षांनीं पुन्हां हातांत रंधा घेतला, आणि १८९२ मध्यें मरेपर्यंत गिटारी केल्या.

स्पेनमधील रीतींत पेटीभोंवतीं बाहेरून सांचा नसतो. तबली एका फळीवर पालथी ठेवतात. मान आधींच तयार असते, आणि तिच्या टांचेंत दोन खांचा पाडून त्यांत बाजूंचीं टोंकें सरकवितात. मग बाजू तबलीच्या कडेवर उभी करून, आंतून लांकडाचे लहान लहान ठोकळे एकेक करून सरसानें चिकटवीत जातात. येथें दाबून धरणारें कोणी नाहीं. बाजूनें आपल्या वळणावर आपण उभें राहिलें पाहिजे. म्हणून ह्या रीतीच्या कारागीरास पट्टी पुन्हां पुन्हां नळीवर नेण्यावांचून गत्यंतरच नसतें.

अशा मनुष्यानें १८६२ मध्यें एक गिटार केली. तिची तबली नेहमींच्या पाइन जातीच्या उत्तम लांकडाची होती, पण पाठ व बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. ही गिटार बार्सेलोनाच्या संगीत-संग्रहालयांत आहे. उद्देश स्पष्ट होता: नाद कोठें जन्मतो? तोर्रेसचें उत्तर, नाद तबलींत जन्मतो. बाजू कोणत्या द्रव्याची हा मुद्दा गौण. ह्यावरून कोणी असें समजेल कीं, मग बाजूंचा इतका खटाटोप व्यर्थच. मला तसें वाटत नाहीं. लगद्याची बाजू ओली असतां हवा तो आकार घेते व वाळल्यावर त्यांतच राहते. तिला मागचें कांहीं आठवत नाहीं, तबलीस ती ओढीत नाहीं. तोर्रेसनें बाजूस नाद देण्याच्या कामांतून मोकळें केलें. पण तबलीस मोकळें ठेवण्याचें काम तिच्याकडेच राहिलें, आणि लांकडाच्या बाजूस तें काम ताण जिरवल्यावांचून करतां येत नाहीं. निदान त्याच्या इतर गिटारींच्या बाजू पाहतां, ह्या प्रयोगानंतर त्यानें त्यांत हयगय केली असें दिसत नाहीं.

त्याच्या उतारवयांत आल्मेरियांतील एका धर्मगुरूचा व त्याचा स्नेह जडला. ह्या धर्मगुरूंचें नांव फादर हुआन मार्तीनेस सिर्व्हेंत. त्यांनीं १९३१ मध्यें एका पत्रांत आपल्या ह्या वृद्ध मित्राच्या आठवणी लिहून ठेविल्या, व त्या लिहिल्या नसत्या तर तोर्रेस हा मनुष्य कसा होता हें आज फारसें कळलें नसतें. त्यांत एक प्रसंग आहे. तोर्रेसनें आपलें रहस्य मागें ठेवून जावें, असा विषय निघाला असतां त्यानें सांगितलें कीं, तें ठेवून जाणें माझ्या हातीं नाहीं; तबलीचें लांकूड योग्य झालें कीं नाहीं हें माझ्या अंगठ्यास व तर्जनीस कळतें, आणि तीं माझ्याबरोबर मातींत जाणार. मोठमोठ्या वादकांपेक्षां एका धर्मगुरूनें त्या गरीब सुताराची आठवण अधिक जपली, ही गोष्ट ज्युबिलीच्या अंकांत नमूद करण्याजोगी आहे, असें मी समजतों.

ह्या कथेंत आपल्या सह्याद्रीचाही एक वांटा आहे. गिटारीच्या पाठीस व बाजूंस फार काळ ब्राझीलच्या शिसवीचा मान होता. १९६० नंतरच्या दशकांत ब्राझीलनें ओंडक्यांची निर्यात आंवळली, तेव्हां १९६९ च्या सुमारास मार्टिनच्या कारखान्यानें हिंदुस्थानी शिसव धरली, आणि तेव्हांपासून ह्या देशाच्या पश्चिम घाटांत वाढणारें हें झाड जगभरच्या गिटारींत गेलें. ब्राझीलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास १९९२ मध्यें बंदी झाली. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या साऱ्या कुळावरच आंतरराष्ट्रीय निर्बंध आले; तयार वाद्यांस त्यांतून २०१९ मध्यें सूट मिळाली. आपल्या आजोबांच्या पाटास व पलंगास जें लांकूड सहज लागे, त्याची दोन मिलिमीटरांची पट्टी आज जपून कापली जाते.

आपल्या गिटारीकडे परत येतों. ती पूर्वीं एकदां शहरांतील एका दुकानांत दुरुस्तीस दिली होती. तेथें फांकलेली बाजू शिकंज्यांत दाबून, बाहेरून दोन स्क्रू मारून व वर पॉलिश फासून परत दिली गेली. पुढच्याच पावसाळ्यांत सरस नरमला, बाजूनें स्क्रूंसकट उसळी घेतली, आणि जातां जातां तबलीस चीर पाडली. दुकानदारावर मी रागावलों नाहीं असें म्हणणार नाहीं. पण आतां इतकें वाचल्यावर कळतें कीं, चीर त्या दिवशीं पडली नसून शिकंजा आवळला त्या दिवशींच पडावयाची ठरली होती.

ह्या खेपेस मी ती आपल्याच धर्मग्रामांतील एका वृद्ध सुताराकडे नेली. त्यांनीं जन्मांत गिटार केलेली नाहीं. आयुष्य होड्या बांधण्यांत गेलें. मीं विचारलें, “काका, पुन्हां शिकंजा लावून दाबली तर नाहीं का बसायची?”

“बसेल कीं, मास्तर,” ते म्हणाले, “पावसाळ्यापर्यंत.”

मग त्यांनीं आंतल्या अंगास, जेथें पॉलिश नव्हतें तेथें, नखानें खरवडून वास घेतला व ‘शिसव’ एवढाच शब्द उच्चारला. होडीची फळी आगीवर धरून, पाणी मारीत वांकवितात तेव्हां तीही रात्रींत उघडते, असें त्यांनीं मला सांगितलें. दुसऱ्या दिवशीं तिला पुन्हां आग दाखवावी लागते, आणि कोणी कंटाळून ती तशीच खिळ्यांनीं ठोकली तर समुद्रांत पहिली तीच फळी सुटते.

त्यांनीं स्क्रू काढले. गरम सुरीनें व ओल्या फडक्यानें जुना सरस सोडवून पाठ संपूर्ण उतरविली, बाजूही बुडापासून कंबरेच्या वरपर्यंत मोकळी केली. चांगल्या असलेल्या दुसऱ्या बाजूवरून पुठ्ठ्याचा नमुना कापून घेतला, तो उलटा करून आराखडा केला. नळी म्हणून जुन्या पंपाच्या पाइपाचा तुकडा कामास आला. पहिल्या दिवशीं त्यांनीं कंबरेसच हात घातला. बाजू मऊ पडली तेव्हां मीं पाहत होतों; त्यांच्या चेहऱ्यावर कांहीं दिसलें नाहीं, फक्त हात थांबले. दुसऱ्या सकाळीं ती पुठ्ठ्यापासून बोटभर सुटलेली होती. तिसऱ्या सकाळीं अर्ध्या बोटाहून कमी. असें करीत, एक आठवड्यानें, कंबरेपाशीं तांदळाच्या दाण्याएवढें अंतर राहिलें. तेवढें तर दोन बोटांनीं दाबून मिटतें, म्हणून मीं घाईनें सरसाची वाटी पुढें केली, तेव्हां त्यांनीं ती झांकून बाजूस ठेविली व नळी आणखी दोनदां तापविली.

तबलीची चीर आंतून पातळ पट्टी लावून सांधली आहे, बाजू व पाठ बसविली आहे. स्क्रूंचीं भोकें शिसवीच्या खुंट्यांनीं बुजविलीं. तीं जवळून पाहिल्यास दिसतात. तारा मात्र अद्याप चढविलेल्या नाहींत. एक पावसाळा तिला ताराविना जाऊं द्या, बाजू काय म्हणते तें पाहूं, असें काकांचें म्हणणें आहे, आणि पूज्य फादरांनींही तें मान्य केलें आहे. ज्युबिलीच्या मिस्सेस गायकमंडळाची नवी गिटार वाजेल. जुनी तोंवर काकांच्या घरीं, चुलीपासून दूर, भिंतीस टांगलेली आहे.